राबाच्या मातीत जिरेनियम

आमच्या घरची जिरेनियमची पहिली चाळीस रोपं त्या वैशाखात मेली ती तहानेने नव्हे. पाणी जास्त होऊन मेली. शहापूर तालुक्यात, ऐन मे महिन्यात, जिथे विहिरीच्या तळाला तांब्या घासून हंडा भरावा लागतो, तिथे! धरणं आमच्या तालुक्यात आणि टँकरही आमच्याच तालुक्यात, हे वाक्य मी तेव्हा दर दुसऱ्या पत्रकात लिहायचे आणि आजही त्यातला एक शब्द मागे घेणार नाही. त्या टँकरच्या पाण्यात आमच्या घरच्यांनी एकमेकांची नजर चुकवून चाळीस रोपं बुडवली. बुडवणाऱ्यांत मीही होते. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी बोट दाखवायला नको.

तिशी नुकतीच ओलांडलेल्या बाईने आठवणी लिहायला घेतल्या की लोक हसतात. हसोत. आमच्याकडे बायकांच्या कामाची आठवण ठेवायला कोणी म्हातारं होईपर्यंत थांबत नाही, त्याआधीच सगळे विसरून मोकळे होतात. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. शहापूरच्या कॉलेजात नाव होतं, पण जीव होता तो आम्हा सात-आठ जणांच्या गटात. आम्ही पत्रकं लिहायचो, छापून आणायचो, एसटी स्टँडवर वाटायचो. पहिल्या ओळीने थोबाडीत मारायची, दुसरीने कोणाला मारली ते सांगायचं, तिसरीने आता काय करायचं ते सांगायचं, हे आमचं शिक्षण. घरातही माझं बोलणं तसंच झालं होतं. आई म्हणते, मी ‘जेवायला वाढ’ हेसुद्धा उद्गारचिन्ह लावून म्हणायचे.

किन्हवलीहून अर्ध्या तासाच्या वाटेवर आमचं गाव. घरात आई, बाबा, कसाऱ्याला रेल्वेच्या ठेकेदाराकडे कामाला जाणारा माझा थोरला भाऊ, ज्याला आम्ही दादाच म्हणतो, आणि वनिताकाकी. काकी म्हणजे माझ्या धाकट्या काकांची बायको. काका ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. काकी वैशाखऱ्याची. मुरबाडकडून माळशेज घाटाला जाणाऱ्या रस्त्यावरचं ते गाव, त्यामुळे थंड हवा आपल्याच बापाची आहे असा तिचा तोरा. ठेंगणी, चपळ, आणि बोलण्यात असा ठसका की कोंबडीसुद्धा तिच्यापुढे वाकडी जात नसे. ती आठ वर्षं एका बंगल्यावर कामाला जात होती. असे बंगले आमच्याकडे पावलोपावली उगवलेत. आत हिरवळीवर फवारे, बाहेर आम्ही हंडे घेऊन रांगेत. या बंगल्याची मालकीण मात्र माणूस होती. मुंबईची, सत्तरीची, एकटी. तिने कुंड्यांत जिरेनियम लावलेलं आणि त्याचं सगळं, छाटणी, कलमं, उन्हाळ्यातली सावली, काकीला हाताला धरून शिकवलेलं. पण हजेरीच्या वहीत व्यवस्थापकाने काकीचं काम लिहिलं होतं ‘पाणी घालणारी बाई’. माळी वेगळा. तो महिन्यातून एकदा मोटारसायकलवर यायचा, दोन फांद्या तोडायचा, चहा प्यायचा आणि माळी म्हणून निघून जायचा.

चैत्रात तो बंगला विकला गेला. नव्या मालकाला झाडं नको होती, फरशी हवी होती. जाताना म्हातारीने अकरा कुंड्या काकीला दिल्या. दादाने मित्राच्या टेम्पोतून त्या घरी आणल्या आणि मागच्या पडवीत ओळीने ठेवल्या. मी ते झाड तोवर जवळून पाहिलं नव्हतं. गोल, लव असलेली पानं, आणि चंद्राला खळं पडतं तसं पानापानावर एक तपकिरी कडं. पान चोळलं की लोखंडाला लिंबू घासल्यासारखा वास. फुलांचे झुबके बहुतेक लाल आणि गुलाबी, पण चार कुंड्यांतलं फूल पिकलेल्या कोकमाच्या रंगाचं, इतकं गडद की सावलीत काळं वाटावं. आई पडवीत येऊन कमरेवर हात ठेवून बघत राहिली. “खातात काय याचं?” तिने विचारलं. काहीच खात नाहीत म्हटल्यावर, “मंग एवढा थाट कशाला मेल्याचा,” म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशीपासून कुरडया वाळत घालायला पुढचं अंगण सोडून मागे पडवीजवळ यायला लागली.

आमचा उन्हाळा आवाजांवरून ओळखायचा. पहाटे हंड्यांना हंडे लागल्याचा आवाज, मग कुरडयांच्या सोऱ्याची कुरकुर, दुपारी सगळं गाव गप्प झालं की एकटा तांबट झाडावर ठोकत बसलेला. जेवायला कोकमाची कढी, चुलीत भाजलेला सुका बोंबील, भात आणि कैरीची फोड. काकी हातात करवंदांचा द्रोण घेऊन कुंड्यांपुढे उकिडवी बसायची आणि एकेक करवंद तोंडात टाकत पानं उलटून बघायची. मी विचारलं, काय शोधतेस? म्हणाली, “शोधत नाय गो. हालहवाल इचारते.”

मग ती एक दिवस सरळगावच्या अलीकडे, मुरबाड रस्त्यावरच्या नव्या नर्सरीत जाऊन आली. मी बरोबर गेले होते, कारण कुठे अन्याय होईल आणि मी तिथे नसेन ही कल्पना मला सहन होत नसे. नर्सरीचा मालक पन्नाशीचा, पोट सुटलेला, सगळे त्याला शेठ म्हणत. काकीने सांगितलं, माळीकाम पाहिजे. शेठ म्हणाला, “बायका हायत आमच्याकडं. पिशव्या भरायला, पानी मारायला. ये उद्यापासून.”

“पानी मारायला नाय. माळी म्हनून,” काकी म्हणाली. “जिरेनियमची कलमं करते मी.”

शेठ हसला. हसण्यात वाईटपणा नव्हता, म्हणून मला जास्त राग आला. “मावशी, ते थंड हवेचं झाड. दर वर्षी मी घाटावरून आनतो, दर वर्षी इथं मरतं. बंगलेवाले माझ्या नावानं बोंबलतात. इथं कलम लागत नाय त्याचं.”

“लागलं तर?”

शेठने तिच्याकडे जरा नीट पाहिलं. “मिरगापर्यंत चाळीस रोपं घेऊन ये. मुळं धरलेली. माळी म्हनून नाव लिवतो, माळ्याचा पगार देतो. नाय जमलं तर पिशव्या भर.”

मी तिथेच भाषण सुरू केलं, माळ्याची परीक्षा कोणी घेतली होती का वगैरे. काकीने माझा दंड असा दाबला की दोन दिवस हिरवानिळा होता. “घेते,” ती शेठला म्हणाली. बसमध्ये मी धुमसत होते. ती म्हणाली, “तू रस्त्यावं भांड. मला कलमं करायचीत.”

तिने कलमं केली ती बघण्यासारखी होती. कोकमी रंगाच्या चार कुंड्यांवर सगळी भिस्त, कारण शेठकडे तो रंग नव्हता. बोटभर लांबीचे शेंडे, पेराच्या बरोबर खाली कापलेले. खालची पानं काढायची, फूल-कळी दिसली की निर्दयपणे खुडायची. मग ते शेंडे लावायचे नाहीतच! एक दिवस सावलीत सुपात नुसते पडू द्यायचे, जखम सुकेपर्यंत. आई दर तासाला सुपाकडे बघून हळहळायची, तान्ही पोरं उपाशी ठेवल्यासारखी. दुसऱ्या दिवशी दुधाच्या रिकाम्या पिशव्यांना भोकं पाडून, परसातली माती आणि ओढ्याची वाळू भरून, चाळीस कलमं लावली. सकाळचं कोवळं ऊन मिळेल आणि नऊनंतर सावली येईल अशा जागी. काकीने सगळ्यांना दम दिला, “पानी मी घालीन. चार दिसांतनं एकदा. दुसऱ्या कोनी हात लावायचा नाय.”

याच दिवसांत माझी स्वतःची लढाई चालू होती, आणि ती घरातच होती. राब! भाताचं रोप जिथे पेरायचं तो तुकडा आमच्याकडे उन्हाळ्यात भाजतात. शेण, त्यावर झाडाचे टहाळ, त्यावर पाला आणि गवत, वरून मातीचा हात फिरवायचा आणि पेटवायचं. त्या टहाळांपायी डोंगरावरची ऐनाची झाडं दर वर्षी अशी बोडकी होतात की पाहवत नाही. आमच्या गटाने पत्रक काढलं, मथळा माझा होता: ‘राब नव्हे, जंगलाची चिता!’ ते वाटून मी घरी आले तर बाबा आमच्याच राबावर शेण पसरत होते. मी जाऊन मधोमध बसले. शेणात. बाबा म्हणाले, “ऊठ गो, कपडे खराब होतील.” मी म्हटलं, पेटवायचं तर मला पेटवा. अर्धं गाव बांधावर जमलं. एक म्हातारा म्हणाला, “शेन आनि पोरगी, खत दुप्पट!” तिन्हीसांजेपर्यंत मी हलले नाही, आणि बाबांनी, ज्यांनी माझ्यावर जन्मात कधी आवाज चढवला नाही, काडेपेटी खिशात टाकली. “बरं. या साली नाय भाजत.” गावात बाकी सगळ्यांचे राब भाजून काळे झाले, आमचा तेवढा तसाच राहिला. आमच्या गटात माझा सत्कार झाला. मी फुगले होते.

बारा-तेरा दिवसांनी काकीच्या कलमांचे देठ खालून काळे पडायला लागले. आधी दोन, मग सात, मग रोज सकाळी ओळीने. बोट लावलं की देठ शिजलेल्या भाजीसारखा मऊ. अठराव्या दिवशी चाळीसपैकी तीन उरली तेव्हा तिने एका पिशवीत बोट घातलं, बाहेर काढलं आणि बोटाला लागलेला चिखल बघत बसली. मग तिने सगळ्यांना पडवीत बोलावलं. दादालासुद्धा, तो नुकताच कामावरून आला होता.

“पानी कोन घालतंय?”

कोणीच नाही. आई कुरडयांकडे बघायला लागली. बाबा छपराकडे.

“आई, तू?” मी कडाडले, मला वाटायचं मोठ्याने बोललं की आपण सुटतो.

“घालत नाय गो,” आई म्हणाली. “तांदूळ धुतले की ते पानी फेकायचं कुठं? जीव असतो त्याच्यात. जरा जरा वतायची.”

बाबांनी घसा खाकरला. “संध्याकाळी पाय धुतो ना. तांब्यात उरतं घोटभर.”

दादाने बुटाचे बंद सोडता सोडता खाली मान घालून सांगितलं की बाटलीत पाणी उरायचं, गरम, प्यायला बरं नसायचं. “बिचारी मान टाकून बसलेली दिसायची वहिनी– आपलं, काकी.” गडबडीत त्याचं नातंही चुकलं.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी दुपारी तापून यायचे, तेव्हा पहिला पेला मी प्यायचे आणि दुसरा कलमांना. दोन दिवस नाही, रोज. पडवीत कोणी नाही हे बघून.

काकी आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती. मला वाटलं आता रडेल, किंवा पिशव्या उचलून भिरकावेल. ती हसायला लागली. आधी नाकातून, मग पदर तोंडात कोंबून, मग तोही सुटला. “भातकरी मेले! चिखलाबिगर काय उगवतं हे म्हाईतच नाय यांना! प्यायला पानी नाय घरात आनि हे...” आई हसायला लागली, दादा हसायला लागला, बाबांना ठसका लागला. त्या घरात इतकं हसल्याचं मला दुसरं आठवत नाही. मी आज विचार करते तेव्हा त्या तांब्यांचा हिशोब डोळ्यांपुढे येतो. टँकर यायचा तिथून, दोन मैलांवरून, डोक्यावर आणलेलं पाणी. कोणी कोणाला न सांगता दिलेलं. ज्याला पाण्याची किंमत कळत नाही त्याच्या हिरवळीवर फवारा असतो. आमच्याकडे किंमत कळते म्हणून झाड मेलं.

पण हसून मुळं फुटत नाहीत. उरलेली तीनही दोन दिवसांत गेली. मिरगाला पाच आठवडे राहिले होते आणि कोकमी कुंड्यांवर पुन्हा एकदा कापण्यापुरतेच शेंडे होते. त्यानंतर झाडाचे खुंट. काकी दुसऱ्या दिवशी मेलेल्या कलमांच्या पिशव्या रिकाम्या करत होती. जेवताना बाबा म्हणाले, “पानी तर झालंच, पन माती बी खराब हाय परसातली. मागं मिरच्या कुजल्या तिथंच. राबाच्या मातीत रोप असं जळत नाय. भाजलेल्या मातीला रोग नसतो.” एवढं बोलून त्यांनी जीभ चावली, माझ्याकडे पाहिलं आणि बोंबील मोडायला लागले.

काकीने माझ्याकडे पाहिलं नाही. ते न पाहणंच मला लागलं. दुसऱ्या कोणाच्या राबातून आणावी तर तेही होत नव्हतं. पेरणीआधी राबाची माती कोणी कोणाला देत नाही. दिली की आपलं पीक त्याच्या घरी जातं, असं आमच्याकडे मानतात, आणि मागणाऱ्याला भिकाऱ्याहून हलकं समजतात. शेजारी राख होऊन पडलेले काळेभोर तुकडे, आणि आमचाच एक कोरा. माझ्यामुळे.

मी दोन दिवस स्वतःशी भांडले. शहापूरला जाऊन आमच्या गटातल्या मुलीला विचारलं, तिने मला तत्त्व म्हणजे काय ते समजावलं. सगळं बरोबर होतं. परत येताना बसच्या खिडकीतून बोडके ऐन दिसत होते, तेही बरोबरच होतं. पण घरी काकी आरसा पुसावा तसं एकेक पान ओल्या फडक्याने पुसत बसली होती, आणि ‘पाणी घालणारी बाई’ हे शब्द मला कुठल्याही पत्रकाने खोडता आले नव्हते. मी बाबांकडे गेले. “राब भाजू या. पण टहाळ नाही. एकही फांदी तोडायची नाही. खाली पडलेला पाला, शेण आणि भाताचं तूस, एवढंच.”

बाबांनी विडी विझवली. “एवढ्याशानं कसा भाजंल?”

“जाडी कमी होईल, तुकडा लहान धरा.”

“आनि तू बसनार कुठं?” ते म्हणाले. तेवढं त्यांनी वसूल केलंच.

तीन दिवस आम्ही सगळ्यांनी पाला गोळा केला. करवंदीच्या काट्यांत हात घालून, पोत्यांतून, डोक्यावरून. आई शेण, दादा तूस. बांधावरचा तो म्हातारा पुन्हा आला आणि काही बोलायच्या आत मी त्याच्या हातात पोतं दिलं. बाबांनी वारा बघितला. वारा जिकडे जातो त्या टोकाने पेटवायचं, म्हणजे जाळ पळत नाही, वाऱ्याच्या विरुद्ध हळूहळू सरकतो आणि माती खोलवर भाजते. काडेपेटी त्यांनी माझ्या हातात दिली. मी पेटवलं. ज्वाला अशी नव्हतीच, नुसता निळसर धूर आणि शेणाचा, तुसाचा, सुक्या पाल्याचा वास, जो मला लहानपणापासून आवडतो हे मी त्या साऱ्या महिन्यात कबूल केलं नव्हतं. काकी धुरात डोळे मिटून उभी होती.

गटात मला पुढे काय काय ऐकावं लागलं ते इथे सांगत नाही. एवढंच सांगते की पुढचं पत्रक मी लिहिलं ‘टहाळ तोडू नका, पाला भाजा’, आणि ते लोकांनी घरी नेऊन वाचलं. आधीच्या पत्रकात त्यांनी भजी बांधली होती.

थंड झालेली ती माती, काळी, भुसभुशीत, काकीने चाळणीने चाळली. अर्धी वाळू मिसळली. शेवटचे शेंडे कापले, सुकवले, लावले. अठ्ठेचाळीस निघाले. आता पडवीच्या दारावर आईचं जुनं लुगडं आडवं बांधलं होतं. ऊन अडवायला, असं काकी म्हणाली. आम्हाला अडवायला होतं ते. आई तांदळाचं पाणी हातात घेऊन लुगड्यापर्यंत यायची, थबकायची आणि गुरांच्या पाटीत ओतायची. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे दुःख असायचं ते मी अजून कुठल्या शोकसभेत पाहिलेलं नाही. पहिला आठवडा पानं लोंबली, दुसऱ्या आठवड्यात पाच गेली. तिसऱ्यात एका शेंड्यावर नखाएवढं नवं पान दिसलं, त्यावर कडंसुद्धा अजून उमटलेलं नव्हतं. काकीने हाक मारली नाही. ती आत आली, मला हाताला धरून नेलं आणि बोटाने दाखवलं.

पुढे आणखी चार कुजली, आणि मिरगाच्या आदल्या दिवशी एकोणचाळीस रोपं जगलेली होती. चाळीस नव्हे. एकोणचाळीस! मी म्हटलं, एका पिशवीत दुसरं काहीतरी खोवू. काकी म्हणाली, “नाय. हायत तेवढी नेऊ.” दादाने टेम्पो आणला.

शेठने रोपं मोजली, मग पुन्हा मोजली. “एक कमी हाय, मावशी.” मी तोंड उघडलं. पण त्याआधी शेठने एक रोप मुळं बघायला देठाला धरून वर खेचायला घेतलं, आणि काकीने त्याच्या हातावर फाडकन चापट मारली.

“देठाला धरतात व्हय? अक्कल हाय का? पोराला केसांनी उचलशील का तू?” तिने पिशवी त्याच्या हातातून काढून घेतली, तळहातावर उपडी केली, अलगद पिशवी सरकवली. काळ्या मातीभोवती पांढरी मुळं, शेवयांसारखी, गच्च. “हे बग. असं बगायचं.”

नर्सरीतली माणसं कामं टाकून बघत होती. शेठ आपला हात चोळत होता. मग तो वाकला आणि मुळांकडे बराच वेळ पाहत राहिला. “माती कुठली?”

“घरची हाय.”

“उद्यापासून ये,” तो म्हणाला. वही मागवली आणि लिहिलं. मी वाकून वाचलं: वनिता, माळी. मी मोठ्याने वाचलं, दोनदा. काकीला अक्षरं येत होती, पण ती म्हणाली, “आनि एकदा वाच.”

परतीच्या टेम्पोत ती मागे रिकाम्या पाट्यांवर बसली होती आणि गुणगुणत होती. घरी आल्यावर आईने गूळ दिला सगळ्यांना. काकीने गुळाचा खडा तोंडात टाकला आणि म्हणाली, “सकाळी साडेसहाची गाडी धरायची हाय मला. भाकऱ्या तुमी बगा.”

आमच्याकडे पहाटेच्या भाकऱ्या काकीच्याच. आई तेव्हा पाण्याला गेलेली असायची. मान फिरवून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “माझ्याकडे का बघता? घरात दोन पुरुष आहेत!” हे वाक्य मी आयुष्यात बऱ्याच सभांतून म्हटलंय, पण तेव्हाएवढं उपयोगी कधी पडलं नाही. दादा म्हणाला त्याची फास्ट लोकल चुकेल. बाबा गुळाचा खडा चघळत राहिले.

पहाटे उठले तर चूल पेटलेली. बाबा परातीपुढे मांडी घालून तांदळाच्या पिठाशी झटत होते, कोपरापर्यंत पांढरे. तव्यावरची भाकरी भाकरी नव्हती, शहापूर तालुक्याचा नकाशा होता, एका बाजूला करपलेला. काकीने ती बघितली, फडक्यात बांधली आणि गाडी पकडायला पळाली.

संध्याकाळी ती आली तेव्हा बाबा अंगणात उगाचच दोरी वळत बसले होते. तिने फडकं झटकलं. रिकामं.

“खाल्लीस?” बाबांनी दोरीकडे बघत विचारलं.

“अर्धी मी, अर्धी शेठनं,” काकी म्हणाली. “त्याला वाटलं वैशाखऱ्याकडचा काय प्रकार हाय.”

बाबांनी दोरी बाजूला ठेवली. “उद्या जरा पातळ थापतो,” ते म्हणाले.